समोरची खोली

"एवढा वेळ का लागतोय गं हिला? कान माझाच आहे ना, की दुसऱ्या कुणाचा आणून बसवतेय?"

म्हातारीला वाटत होतं, आपण लेकीच्या कानात कुजबुजतोय. पण ज्यांना स्वतःला ऐकू कमी येतं त्यांची कुजबुज अख्ख्या दुकानाला ऐकू जाते. आणि चष्मेवाली तर म्हातारीच्या गालापासून वीतभर अंतरावर वाकून चष्म्याची काडी कानामागे बसवत होती. बसवत कसली, बसवायला बघत होती. सकाळच्या वेळी तिचे हात तिच्या ताब्यात नसायचे. स्क्रू मुंगीच्या डोक्याएवढा, आणि बोटं अशी थरथरत होती की कुणी तिला आतून गदागदा हलवतंय.

"आणि हा वास कसला?" म्हातारीने पुन्हा कुजबुजून सगळ्यांना विचारलं.

"स्पिरिटचा, आई. काचा पुसतात ना, त्याचा."

लेक असं म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता तिने मान वर केली. गळ्यात निळा स्कार्फ, केस आखूड कापलेले, चेहरा बऱ्याच उशिरा झोपायला शिकलेल्या माणसाचा. तिची नजर काउंटरवरच्या बाटलीवर गेली, तिथून खालच्या खणावर उतरली आणि मग सरळ चष्मेवालीच्या तोंडावर येऊन थांबली. त्या नजरेत राग असता तर एक वेळ चाललं असतं. तिच्यात ओळख होती.

काउंटरवर काचा पुसायच्या द्रवाची फवाऱ्याची बाटली असायची. तश्शीच दुसरी खालच्या खणात, फडक्यांच्या मागे. ती मात्र काचांसाठी नव्हती. त्या बाटलीत जे होतं ते प्यायचं होतं, आणि त्याचं नाव तिच्या घरात कुणी घेत नव्हतं. दुकानाला स्पिरिटचा वास कायमचाच आणि मालकांना सर्दी बारमाही. आपल्याइतकी सोयीची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल, असं तिला कधी कधी वाटायचं. मग असं वाटल्याची लाज वाटायची. लाज वाटली की खण उघडायचा, खण उघडला की पुन्हा लाज. चाक आपलं आपण फिरत होतं, तिला पायसुद्धा मारावा लागत नव्हता.

म्हातारी आरशात स्वतःला पाहून "अरे देवा, मी एवढी सुरकुतले होय!" म्हणून चष्म्यालाच दोष देत होती, तेवढ्यात स्कार्फवाली काउंटरवर वाकली.

"बुधवारी संध्याकाळी, शाळेच्या मागच्या इमारतीत आम्ही काही जण जमतो. ज्यांना सोडायची आहे असे. मी जाते."

"मला कशाला सांगताय?"

"मलाही असंच कुणीतरी सांगितलं होतं," स्कार्फवाली म्हणाली. "मीही अगदी असंच फणकारून विचारलं होतं."

त्या दोघी दाराबाहेर पडल्या आणि हिने खण उघडला.

ती गेली नसतीच. पण त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुपारी आईंना हॉस्पिटलातून आणायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, धुतलेले कपडे बरोबर घेतले होते, पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, सगळं भरलं होतं. निघायच्या आधी जरा धीर यावा म्हणून एक घोट घेतला. धीर काही येईना, म्हणून आणखी एक. मग जी सोफ्यावर टेकली ती दिवे लागायच्या वेळेला उठली. आई एका डोळ्याला पट्टी बांधून हॉस्पिटलच्या बाकावर बसून होत्या. शेवटी झाडूवाल्या बाईने त्यांच्याकडून नंबर घेऊन मुलाला फोन लावला.

मुलगा म्हणजे हिचा नवरा. तो गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून त्याला आजूबाजूची सगळी मंडळी मास्तर म्हणायची. मास्तर शिकवणी सोडून येऊ शकले नाहीत, शिकवणीसकट गेले. म्हणजे स्टिअरिंगवर शिकाऊ मुलगी, शेजारी मास्तर, आणि मागे एक डोळा झाकलेल्या आई, उरलेल्या डोळ्याने जीव मुठीत धरून रस्ता बघतायत. एरवी या गोष्टीवर ते घर महिनाभर हसलं असतं. पण हसायचं तर ती मुळात का घडली हे बोलावं लागलं असतं.

"बीपी लो झालं असेल हिचं," मास्तर बूट काढता काढता म्हणाले.

"होतं असं," आई म्हणाल्या. "उन्हाने होतं."

दिवसभर आभाळ भरलेलं होतं. सूर्याचा पत्ता नव्हता. आईंना एकाच डोळ्याने का होईना, तेवढं नक्की दिसलं असणार. त्या उन्हाने तिचा जीव जेवढा भाजला तेवढा चार शिव्यांनी भाजला नसता. पुढच्या बुधवारी घरी "शिवणक्लास लावलाय" असं सांगून ती शाळेच्या मागच्या इमारतीत गेली.

बालवर्गाच्या खोल्या होत्या त्या. एकच बोळ, समोरासमोर दोन दारं. एका दारावर रंगीत कागदाचं बदक चिकटवलेलं, दुसऱ्यावर हत्ती. बोळात टेबल मांडून एक धिप्पाड बाई किटलीतून चहा ओतत होत्या. निवृत्त नर्स होत्या, आणि हात अजून ड्यूटीवर असल्यासारखे चालत होते. त्यांनी हिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, मुठीत चुरगळलेला रुमाल. आणि त्यांनी लगेच निदान केलं.

"या, या. पहिल्यांदा फार जड जातं, मला ठाऊक आहे. आपली खोली ही, बदकाची."

ती बदकाच्या खोलीत शिरली. बालवर्गाच्याच बुटक्या खुर्च्या गोल मांडलेल्या. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकायला आलेले. बहुतेक बायकाच होत्या. एक जण बोलू लागली. अंगावर पिठाचा वास, नवऱ्याबरोबर बेकरी चालवणारी.

"आमचे परवा पुन्हा घेऊन आले. भट्टीसमोरच आडवे. मी त्यांना ओलांडून पाव काढले. काय करणार, पाव जळले असते."

दोन-तीन जणी हसल्या, आणि हसतानाच डोळे पुसले. मग दुसरी बोलली, तिचा भाऊ घ्यायचा. तिसरीचा मुलगा. तेव्हा कुठे हिच्या लक्षात आलं. ही घरच्यांची खोली होती. घेणाऱ्यांची खोली समोरची, हत्तीची.

दार चार पावलांवर होतं. 'माफ करा, खोली चुकली' एवढं म्हणून उठायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे एवढ्या सगळ्यांसमोर आपण कोण ते सांगणं. ती खुर्चीत रुतून बसली आणि पाळी तिच्यावर आली.

"आमचेही घेतात," ती म्हणाली.

आणि काय सांगावं, ते इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. पुढचं तर धो धो आलं. बाथरूममध्ये लपवलेल्या बाटल्या, मोडलेली वचनं, पुतण्याच्या लग्नात घातलेला गोंधळ. सगळं खरं. एक अक्षर रचलेलं नाही. फक्त ती होती तिथे 'हे' घातले आणि मास्तर होते तिथे 'मी'. बोलता बोलता तिला रडू फुटलं. रडणंही अस्सल होतं, फक्त पत्ता चुकला होता.

नर्सबाईंनी पाठीवर हात ठेवला. "खूप सोसलंत. इथलं बोलणं इथेच राहतं, निर्धास्त असा."

एवढ्या मायेने तिच्या पाठीवर कुणी कित्येक वर्षांत हात ठेवला नव्हता. खोटं बोलल्याचं बक्षीस इतकं उबदार असेल याची तिला कल्पना नव्हती.

बाहेर बोळात, हत्तीच्या दारातून स्कार्फवाली निघाली. हिला बदकाच्या दारातून निघताना तिने पाहिलं. भुवया किंचित वर गेल्या, पुन्हा खाली आल्या.

"आलात, बरं झालं," एवढंच म्हणाली. "समोर आमच्याकडेही खुर्च्या आहेत हं. तेवढ्याच बुटक्या."

ती दर बुधवारी जायला लागली. बुधवारी घ्यायची नाही असा तिने नेम केला, आणि तो नेम सांभाळता यावा म्हणून मंगळवारी जास्त घ्यायला लागली. हिशेब तिचा तिलाच पटत नव्हता, पण दुसरा जमत नव्हता.

आणि बदकाच्या खोलीत तिची वट वाढत गेली. तिचं बोलणं रंगायचं. बेकरीवाली तर म्हणायची, "तुमचं ऐकलं की आमचे बरे वाटायला लागतात." एकदा तिने हॉस्पिटलची गोष्ट सांगितली. आईंना आणायचं होतं आणि हे सोफ्यावर पडून राहिले. सांगून होईपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही की माणसं अदलाबदल केल्यावर गोष्ट कुठल्या कुठे गेली. सुनेने सासूला विसरणं एक. इथे पोटचा मुलगा आईला विसरला होता.

"स्वतःच्या आईला?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या खोलीने श्वास आत ओढला.

आता सावरावं असं तिला वाटलं. पण सावरायचं तर सगळंच उसवलं असतं.

त्या दिवशी नर्सबाईंनी तिला विचारलं, "ते काय करतात ते तुम्ही छान सांगता. पण बाथरूमच्या दारापाशी त्यांची वाट बघत उभ्या राहता, तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

बाथरूमच्या दाराबाहेर ती कधी उभी राहिलीच नव्हती. ती कायम आत होती.

मग ती घरी मास्तरांकडे बघायला लागली. आधी नुसतं पुढच्या बुधवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून. मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा चुकला की ते आपल्या पायाने गाडी थांबवायचे. तिने पाहिलं, संध्याकाळी पेपर वाचत बसले असताना ती स्वयंपाकघराकडे जायला उठली की मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. पेपर हलत नाही, मान हलत नाही, फक्त पाय. ती परत येऊन बसली की पाय सैल. त्यांना तिचा कप धुवायच्या आधी नाकाशी नेताना तिने पाहिलं. सकाळी दुकानाच्या मालकांना फोन करताना पाहिलं. "हो, बीपी. पुन्हा लो. नाही नाही, काळजीचं काही नाही." या माणसाने लग्नाआधी मुलगी बघायला आल्यावर, "मला टक्कल पडत चाललंय, आत्ताच सांगतो," असं सांगितलं होतं. खोटं बोलायला तो हिच्यासाठी शिकला होता, आणि त्याला ते अजून नीट येत नव्हतं. फोन ठेवल्यावर कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

हे सगळं तिने पुढच्या बुधवारी सांगितलं. पाय, कप, फोन. "मी असं करते" म्हणून सांगितलं. नर्सबाई चहा ओतायचा सोडून किटली हातात धरून बसल्या.

बेकरीवालीने सहज विचारलं, "काम काय करतात हो ते?"

आणि ती, अजून मास्तरांच्या पायाकडेच बघत असल्यासारखी, बोलून गेली, "गाडी शिकवतात."

बेकरीवालीचा चेहरा पांढरा पडला, आणि या वेळी पिठाने नव्हे.

"आणि आईचं ते... डोळ्याचं ऑपरेशन होतं का? पट्टी होती का डोळ्याला?"

"हो," ती म्हणाली. म्हणाल्यावर तिला आठवलं, हॉस्पिटलला जाताना गाडीच्या स्टिअरिंगवर कुणाची तरी मुलगी होती.

त्या आठवड्यात जेवायला बसल्यावर मास्तर म्हणाले, "बेकरीवाल्यांची मुलगी सोडून गेली. परीक्षा तोंडावर आलेली. इतका छान हात बसला होता तिचा. आईचा फोन आला, म्हणाली, कारण तुमचं तुम्हाला ठाऊक आहे."

"काय कारण?" आईंनी विचारलं.

"तेच तर. मला ठाऊक नाही."

दोन दिवसांनी मास्तर लवकर घरी आले. हात धुतले, बसले, पावाचा तुकडा मोडला आणि मोठा विनोद सांगावा तसं सांगू लागले, "आज कचेरीत साहेबांनी मला नळीत फुंकायला लावलं. सगळ्यांसमोर. आता रोज फुंकायचं म्हणे गाडीत बसायच्या आधी. कुणीतरी तक्रार केलीय." ते हसले. "शून्य आलं. यंत्रालासुद्धा वाटलं असेल, कशाला बोलावलं मला."

"मेल्यांच्या जिभेला काही हाड!" आई कडाडल्या. "माझ्या पोराने कधी... असलं कोण सांगत असेल रे?"

"कुणास ठाऊक," मास्तर म्हणाले. ते पावाकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या. खरंच ठाऊक नव्हतं त्यांना.

ती तिथेच होती. हाताच्या अंतरावर. भाजीचं भांडं तिच्या हातात होतं. बोलायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. तिने भांडं खाली ठेवलं, "मीठ आणते" म्हणून उठली, आणि मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

मीठ टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. उठताच आलं नाही. पण बुधवारी गेली, आणि या खेपेला वाक्य तयार करून गेली. रस्ताभर ओठांत घोळवलं. बदकाच्या खोलीत जायचं, आणि बसायच्या आधीच सांगून टाकायचं. मग त्या थुंकल्या तरी चालेल.

बोळात स्कार्फवाली भेटली. "परवा आईच्या चष्म्यासाठी दुकानात आले होते. तुम्ही नव्हता. तुमचे मिस्टर आले होते निरोप द्यायला."

हिने आवाज खाली आणला. "काही बोललात?"

"तुमच्याबद्दल? एक अक्षर नाही. फक्त विचारलं, तुम्ही स्वतः कसे आहात. तर त्या माणसाला बोलताच येईना." तिने स्कार्फ सारखा केला. "मग बुधवारचं सांगितलं. घरच्यांसाठीही खोली असते, एवढंच."

वाक्य तयार होतं, पण ती खुर्चीत बसली. आधी सांगून टाकायचं राहिलं. एक जण बोलली, मग दुसरी. आता बोलू, हिचं झालं की बोलू, असं करता करता दार करकरलं.

दारात मास्तर उभे होते. कामावरून थेट आलेले, जाकिटावर छातीशी गाडी शिकवणाऱ्या संस्थेची पिवळी अक्षरं.

"घरच्यांसाठीची खोली हीच का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आणि मग त्यांना ती दिसली.

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. तो उजेड ती जन्मभर विसरणार नव्हती. त्यांना वाटलं, ही आपण होऊन इथे आली. शिवणक्लास म्हणजे हा होता. बिचारे हसायलाच लागले होते, तोवर बेकरीवाली उठून उभी राहिली.

"तुम्हीच ना ते मास्तर?"

"बसा," नर्सबाई म्हणाल्या. "इथे कुणी कुणाला—"

"इथलं बाहेर नेऊ नये, मला माहीत आहे. मी नेलं, माझी चूक. पण पोर माझी आहे." बेकरीवाली मास्तरांकडे वळली. "स्वतःच्या आईला, डोळ्याला पट्टी बांधलेली, तिथे बाकावर विसरून गेलात ना तुम्ही? आणि तशाच अवस्थेत माझ्या मुलीच्या शेजारी गाडीत बसलात?"

मास्तरांना आधी काही कळेना. त्यांनी बेकरीवालीकडे पाहिलं, मग गोल बसलेल्या सगळ्यांकडे. सगळे त्यांना ओळखत असल्यासारखे बघत होते. काही जणी तिरस्काराने, काही जणी कीव करून. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. उघड्या दारावरच्या बदकाच्या पायांकडे ती बघत राहिली. कागद कोपऱ्यात सुटला होता.

ते शिकवताना सांगायचे, आधी मधला आरसा, मग बाजूचा, मगच वळा. तसंच काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं असावं. तिने ते पाहिलं नाही. तिला फक्त त्यांचा बूट दिसला. उजवा बूट फरशीवर गच्च दाबला गेला.

"हो," मास्तर म्हणाले. "चूक झाली ती."

नर्सबाई उठल्या, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि फार हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्ही आलात हीच मोठी गोष्ट आहे. पण तुमची खोली ही नव्हे. समोरची. हत्तीची."

"बरं," मास्तर म्हणाले. "माफ करा, मला माहीत नव्हतं."

आणि ज्या माणसाने खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवलं असतं, तो दार आवाज न करता ओढून घेऊन समोरच्या खोलीत गेला.

सगळ्या जणी तिच्याभोवती गोळा झाल्या. "किती धीराच्या हो तुम्ही." "पाणी घ्या." "रडून घ्या." कुणीतरी हातात चहाचा कप दिला, तो तिने न पिताच खाली ठेवला. समोरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. नव्या माणसाला जागा करून देत होते.

ती उठली.

"जाऊ नका," बेकरीवालीने तिचं मनगट धरलं. आता तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता, नुसती माया होती. "त्यांच्यामागे धावायचं नाही, इथे आपण हेच तर शिकतो. त्यांचं त्यांना निस्तरू द्या."

तिने मनगट सोडवून घेतलं. बदकाचं दार उघडलं आणि तसंच उघडं टाकलं. बोळ किती रुंद असेल, पोरं दोन उड्यांत पार करत असतील. तिला वाटलं, आपण पोचूच नये. दुकान आठवलं, खण आठवला, फडक्यांच्या मागची बाटली आठवली. तोंड कोरडं पडलं. हत्तीच्या दाराची कडी थंडगार होती.

आत बुटक्या खुर्च्यांवर माणसं गोल बसली होती, आणि त्यांच्यामध्ये गुडघे वर काढून मास्तर. दोन्ही हातांत कप धरलेला. पाय अजून दाबलेलाच. स्कार्फवाली समोर होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स ठेवलेली होती, कुणासाठी तरी जागा राखावी तशी.

"पहिल्या दिवशी कुणालाच बोलता येत नाही," एक दाढीवाला माणूस मास्तरांना सांगत होता. "नुसतं बसलात तरी चालेल. बोलावंसं वाटलं तर बोला."

मास्तरांनी कप खाली ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या, आणि ते काय बोलणार आहेत ते तिला कळलं. दुकानाच्या मालकांना सांगितलं होतं, आईंना सांगितलं होतं, आत्ता बेकरीवालीला सांगितलं होतं. तिच्यासाठी त्यांनी हेही सांगितलं असतं.

"मी..." मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही," ती दारातून म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. स्कार्फवालीने पर्स उचलून मांडीवर घेतली. पाठीमागे बदकाच्या दारात नर्सबाई किटली घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यावरून बेकरीवाली डोकावत होती. मास्तर मान हलवून तिला नको म्हणत होते. राहू दे, असं. नेहमीसारखं, राहू दे.

तिला हळूच बोलायचं होतं. पण आवाज निघाला तो त्या दुकानातल्या म्हातारीच्या कुजबुजीसारखा, दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल असा.

"यांनी कधी थेंबाला तोंड लावलेलं नाही. आईंना मी विसरले होते. दारू मी पिते."